जर्सीची १९७० ची चार तिकिटं: एका टॅली क्लार्कचा अभिप्राय

जर्सी हे बेट इंग्लंडच्या राजगादीचं, पण नकाशावर फ्रान्सच्या कुशीत. १ ऑक्टोबर १९६९ ला त्यांचं टपाल खातं ब्रिटनपासून स्वतंत्र झालं आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९७० ला, जर्मनांच्या ताब्यातून सुटका होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी चार तिकिटं काढली. चार पेनी, पाच पेनी, एक शिलिंग सहा पेनी, एक शिलिंग नऊ पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग धरला की बेरीज बरोबर चार शिलिंग. न वापरलेल्या संचाचे मी फोर्टात एकशे ऐंशी रुपये मोजले. विक्रेता दोनशेवर अडला होता. मी पाठ फिरवली, मग वीस रुपये सुटले.

मला त्यातलं एकच हवं होतं. मी फक्त बोटींची तिकिटं जमवतो. राजे, राण्या, पक्षी, फुलपाखरं माझ्या उपयोगाची नाहीत. पण संच फोडायला विक्रेता तयार होईना, म्हणून एका बोटीसोबत दोन म्हातारे साहेब आणि एक चित्र असं सगळं घरी आलं. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की हा संच न फोडलेलाच बरा. त्यातली खरी गंमत चौघांच्या शेजारात आहे. ती पुढे सांगतो.

आधी मालाची अवस्था. कडेचे दात चारही बाजूंनी शाबूत. रंग उडालेले नाहीत. गोंदावर पिवळट झाक आहे, मुंबईच्या हवेत ती यायचीच. पाच पेनीच्या मागे हिंजची, म्हणजे तिकीट अल्बमात चिकटवायच्या कागदी पट्टीची, पुसट खूण निघाली, जी विक्रेत्याने सांगितली नव्हती. ‘एकदम मिंट’, म्हणजे कोरा करकरीत, म्हणून विकलेल्या मालाला हिंज लागलेला निघाला, तर आमच्या गोदीच्या भाषेत त्याला डॅमेज कार्गो म्हणतात आणि पावतीवर तसा शेरा मारतात. इथे पावतीच नव्हती. असो.

आता एक शिलिंग नऊ पेनीचं तिकीट. संचातलं सगळ्यात महाग आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. त्यावर एस. एस. वेगा आहे. स्वीडनची मालवाहू आगबोट, १९१३ ची बांधणी. दिसायला अगदी साधी. माझी सगळी नोकरी मुंबईच्या इंदिरा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढता-उतरता माल मोजणारा कारकून, म्हणून गेली. १९७३ साली लागलो तेव्हा दुष्काळाचं धान्य बोटींनी उतरत होतं. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी गावाकडे लोकांनी नाक मुरडत खाल्ली, पण खाल्ली. ती गोण्यांनी आधी आमच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यामुळे अन्न घेऊन आलेली जुनाट बोट दिसली की माझी नजर तिच्या रंगाकडे जात नाही. हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराची तोंडं, किती, माल उचलायचा डेरिक कुठे, त्याचा दोर ओढणारी विंच वाफेवरची की विजेवरची, आणि माल मोजून कोण घेणार, एवढंच मी बघतो.

वेगाची कहाणी मला या तिकिटामुळे वाचावी लागली. गोष्ट थोडक्यात अशी. १९४० च्या जून-जुलैत जर्मन सैन्याने चॅनेल बेटं घेतली. जर्सी आणि गर्न्सी मोठी, सार्क आणि ऑल्डर्नी लहान. त्यानंतरची चार वर्षं बेटांवरचं धान्य, औषधं, कोळसा हे सगळं फ्रान्सच्या किनाऱ्यावरून यायचं. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं आणि ऑगस्टमध्ये समोरच्या किनाऱ्यावरचं सेंट मालो बंदर जर्मनांच्या हातून गेलं. फ्रान्स सुटला, पण बेटं सुटली नाहीत. मधल्या समुद्रात ब्रिटिश आरमार, बेटांवर पंचवीस हजारांहून जास्त जर्मन शिपाई, आणि त्यांच्यासोबत साठ हजारांच्या वर रहिवासी. बाहेरून काही येणार नाही. त्या हिवाळ्यात जर्सीत गॅस नव्हता, वीजही संपत आली होती, आणि खायला सलगम नि बटाटे.

अशा वेळी रेडक्रॉसने ही एकतीस वर्षं वयाची बोट लावली. देश तटस्थ, खलाशी तटस्थ, निघायचं बंदर लिस्बन, तेही तटस्थ. कुशीवर लाल क्रॉस, रात्री दिवे लावून जायचं, म्हणजे कोणी टॉर्पेडो मारू नये. युद्धात सगळ्या बोटी दिवे विझवून चोरासारख्या जात असताना हिने दिवाळी लावून जायचं. २० डिसेंबर १९४४ ला ती लिस्बनहून सुटली. डिसेंबरातला बिस्केचा उपसागर म्हणजे काय, ते ज्यांनी तिथून बोटी आणल्या त्यांच्या तोंडून मी कँटीनमध्ये पुष्कळ ऐकलंय. २७ तारखेला ती गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्टला लागली, आणि तिथला माल उतरवून ३० ला जर्सीच्या सेंट हेलियरला. नाताळ हुकला, नवीन वर्ष गाठलं.

आता माझा आवडता भाग. मॅनिफेस्ट, म्हणजे बोटीवरच्या मालाची यादी.

पहिल्या खेपेत अन्नाची पार्सलं १,१९,७९२. आजाऱ्यांसाठी खास आहाराची वेगळी ४,२००. शिवाय मीठ, साबण, तंबाखू, औषधं. हा पहिला आकडा मी दोनदा वाचला. सव्वा लाखाच्या आतबाहेर नाही, एक लाख वीस हजार नाही, सातशे ब्याण्णव. शेवटचे दोन नगसुद्धा कोणीतरी मोजले आहेत. असा आकडा दिसला की गोदीतल्या माणसाला कळतं की त्या बोटीवर कुणीतरी धंद्याचा माणूस होता.

पार्सल साधारण अकरा पौंडांचं, म्हणजे पाच किलोचं. गुणाकार करा, सहाशे टन होतात. आमच्या वेळी एका स्लिंगला, म्हणजे क्रेनला टांगलेल्या एका झोळीला, टनभर माल धरायचा, तर सहाशे स्लिंगा. एका हॅचवर एक गँग पाळीला शंभरेक टन काढायची, तेही गोण्या असतील तर. खोकी उतरवायला जास्त वेळ लागतो, कारण खोकी फुटतात, आणि खोकं फुटलं की आतलं चॉकलेट बाहेर येतं. ज्यांनी गोदीत काम केलं नाही त्यांना हे सांगून समजत नाही. गव्हाची गोणी कोणी खिशात घालत नाही, चॉकलेट घालतं. पिल्फरेज, म्हणजे मालातली किरकोळ चोरी, हा शब्द टॅली शीटवर लिहिताना आमचे हात थकले. आणि आमच्या गोदीत तर कोणी उपाशी नव्हतं. तिथे धक्क्यावर स्वतः अर्धपोटी असलेले बंदूकधारी शिपाई होते, आणि मालकी त्यांचीच होती. मनात आणलं असतं तर बोट रिकामी करायला त्यांना कोण अडवणार होतं?

त्यांनी केली नाही. पहिल्या खेपेबरोबर रेडक्रॉसचे दोन प्रतिनिधी, कर्नल इझेलिन आणि कॅलियास, स्वतः आले. पार्सलं रहिवाशांनाच मिळतात की नाही हे बघणं हे त्यांचं काम. पार्सलं रहिवाशांना मिळाली. पुढे वसंतात उपाशी शिपायांनी लोकांच्या घरांतून, मळ्यांतून चोऱ्या केल्या हे खरं, पण बोटीच्या मालाला हात लागला नाही. एका बाजूला जर्मन अधिकाऱ्यांना माहीत होतं की हिला हात लावला तर ही पुन्हा येणार नाही, आणि लोक उपाशी राहिले तर त्यांचं ओझं आपल्याच डोक्यावर. दुसऱ्या बाजूला मोजदाद चोख होती. मला विचाराल तर दुसऱ्या गोष्टीला लोक कमी किंमत देतात. चोरी जिथे दिसणार आहे तिथे चोरी कमी होते, हे मी पस्तीस-छत्तीस वर्षं पेन्सिलीच्या टोकाशी पाहिलंय.

साठ हजारांवर लोक आणि एक लाख वीस हजाराला दोनशे कमी पार्सलं. माणशी दोनसुद्धा पुरती नाहीत. त्या पार्सलात काय होतं? कॅनडाचं पार्सल असेल तर पौंडभर दुधाची भुकटी, पौंडभर लोणी, चीज, डबाबंद मांस, सामन आणि सार्डिन मासे, मनुका, सुकी आलुबुखारं, साखर, जॅम, बिस्किटं, चॉकलेट, चहा, चिमूटभर मीठ-मिरी आणि साबणाची वडी. काही पार्सलं न्यूझीलंडची होती. ही सगळी मुळात युद्धकैद्यांसाठी बांधलेली. जाता जाता एक सांगतो. याच युद्धात आपल्या हिंदी युद्धकैद्यांसाठी लंडनच्या इंडिया हाऊसमधून इंडियन कम्फर्ट्‌स फंडाने पार्सलं बांधली. त्यांत पीठ, डाळ आणि मसाला असायचा. सामन माशाच्या डब्यापुढे आपल्या मराठा पलटणीतल्या गड्याला डाळीचं पाकीट किती जवळचं वाटलं असेल, याचा हिशोब कुठल्या मॅनिफेस्टमध्ये मांडता येत नाही.

वेगा एका खेपेवर थांबली नाही. फेब्रुवारीत पुन्हा आली, पार्सलं घेऊन. आणि इथे लोकांचा हिरमोड झाला, कारण तिच्यात पीठ नव्हतं. बेटांवरचं पीठ संपलं होतं. पाव बंद. लोकांकडे डब्यातलं लोणी आहे, जॅम आहे, आणि ते लावायला पाव नाही, अशी चमत्कारिक अवस्था. मार्चच्या खेपेत ती पीठ घेऊन आली आणि पांढरा पाव सुरू झाला. चार-साडेचार वर्षं भुशाचा, बटाट्याचा काळा गोळा खाल्लेल्या लोकांना पांढऱ्या पावाचं काय झालं असेल, ते १९७२ च्या दुष्काळातून गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. एप्रिलमध्ये आली, मेमध्ये आली. मेची खेप उतरली आणि पाठोपाठ ९ मेला ब्रिटिश आरमार आलं. सुटका.

लिस्बन, गर्न्सी, जर्सी, परत लिस्बन. महिन्याला एक फेरी. बोटीचं सगळं कर्तृत्व एवढंच. कोणाला वाचवायला ती वादळात घुसली नाही, तोफ डागली नाही. ठरलेला माल ठरलेल्या धक्क्यावर पुन्हा पुन्हा टाकला. याच १९४४ च्या १४ एप्रिलला आमच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन फुटली. पोटात शेकडो टन स्फोटकं, त्यांच्यासोबत कापूस, वर सोन्याच्या विटा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, गोदी उद्ध्वस्त झाली. ती हकिगत सांगत सांगतच जुन्या फोरमननी आम्हाला माल कसा रचू नये ते शिकवलं. त्यामुळे जी बोट काही न होता येते आणि काही न होता जाते, तिच्याविषयी मला जास्त आदर.

म्हणूनच तिकिटाबद्दल माझी तक्रार. चित्रात बोट आहे, काम नाही. स्लिंग नाही, धक्का नाही, खोकं नाही, खांद्यावर पार्सल घेऊन निघालेलं माणूस नाही. एक शिलिंग नऊ पेनीच्या कागदात जागा थोडी, हे मला मान्य. पण बोट समुद्रात असते तेव्हा ती फक्त चाललेली असते. तिचं काम धक्क्याला लागल्यावर सुरू होतं. जगातल्या बहुतेक सगळ्या टपाल खात्यांची ही खोड आहे, एकट्या जर्सीला बोल लावत नाही. माझ्या अल्बममध्ये शंभरावर बोटी आहेत आणि हॅच उघडलेली एकही सापडायची नाही.

आता शेजाराकडे येऊ. चार पेनीच्या तिकिटावर लॉर्ड कुटांश आहेत. ताब्याच्या काळात हे अलेक्झांडर कुटांश जर्सीचे बेलिफ, म्हणजे बेटाचे मुख्य. जर्मनांसोबत रोज बसून बेट चालवायचं आणि आपल्या लोकांपुढे ताठही राहायचं, असं ते काम. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीला त्यांनी बेटावर काय किती दिवस पुरेल याचा हिशोब मांडून जर्मन कमांडरपुढे ठेवला. वेगाची सुरुवात मी त्या कागदापासून धरतो. आधी साठ्याचा हिशोब आला, मग बोट. लोकांनी त्यांच्यावर टीका केली, कौतुकही केलं. संचात त्यांना सगळ्यात स्वस्त तिकीट मिळालंय, ते मला बरोबर वाटत नाही.

पाच पेनीवर चर्चिल. इथे माझी भिंगाची काच जरा जास्त वेळ थांबली. २७ सप्टेंबर १९४४ ला, बेटांवर अन्न पाठवायचं की नाही या कागदावर चर्चिलसाहेबांनी शेरा मारला होता: उपाशी मरू देत त्यांना, लढाई नको, सावकाश सडू देत. रोख जर्मन शिपायांकडे होता, हे सांगायलाच हवं. पण शिपायांना उपाशी ठेवायचं तर त्याच समुद्राच्या आतले रहिवासीही उपाशी राहणार, हे गणित कुणालाही सुटण्यासारखं. नोव्हेंबरमध्ये लंडनचं मन वळलं आणि रेडक्रॉसला परवानगी मिळाली. म्हणजे ज्या बोटीची वाट या माणसाच्या शेऱ्याने रोखली होती, ती बोट आणि हा माणूस एकाच संचात शेजारी बसलेत. आणि बेटकरांना त्याचं काही वाटत नाही. ८ मे १९४५ च्या भाषणात चर्चिलनी ‘आपली लाडकी चॅनेल बेटं’ असं म्हटलं, आणि बेटांनी तेवढंच मनात ठेवलं.

आपल्याला तेवढं मनात ठेवून भागत नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं लाखांनी मरत होती. लंडनमध्ये भारतमंत्री अॅमरी आणि इथून व्हाइसरॉय वेव्हेल धान्य मागत होते, आणि बोटी नाहीत म्हणून मागितलेल्याच्या मानाने फार थोडं मिळत होतं. बंगालला वेगा नव्हती. चर्चिलचं हे तिकीट मी अल्बममध्ये लावलंय, फाडलेलं नाही, पण हिंजची खूण नेमकी याच तिकिटामागे निघाली याचं मला फारसं दुःखही नाही.

एक शिलिंग सहा पेनीवर एडमंड ब्लॅम्पिड यांचं सुटकेचं चित्र आहे. हे जर्सीचेच चित्रकार. संचात रंगकाम म्हणून बघायचं झालं तर हेच पहिलं. पण माझ्यासारख्याला त्यांची जुनी कामगिरी जास्त आवडते. जर्मन ताब्याच्या काळात, १९४३ मध्ये, बेटावर तिकिटांचा तुटवडा पडला म्हणून जर्सीची स्वतःची सहा चित्रतिकिटं निघाली. चित्रं ब्लॅम्पिड यांची, छपाई पॅरिसची. अर्धा पेनीवर जुनं शेतघर, दीड पेनीवर कॉर्बियेरचं दीपगृह, दोन पेनीवर एलिझाबेथ किल्ला, अडीचवर माँ ऑर्गेय किल्ला, तीन पेनीवर समुद्रातली खतासाठीची शेवाळं गोळा करणारी माणसं. बघा, काम करणारी माणसं तिथे आहेत! १९४३ मध्ये जमलं ते १९७० मध्ये बोटीच्या बाबतीत का जमू नये?

घ्यायचा का हा संच? बोटी जमवणाऱ्याने जरूर घ्यावा. महाग नाही, दुर्मीळ नाही, आणि एवढ्या पैशात एवढी गोष्ट दुसरीकडे मिळणं कठीण. राजेराण्या जमवणाऱ्याला यात खास काही नाही. दीडशेच्या आत मिळाला तर लगेच घ्या, दोनशेच्या वर देऊ नका. घेताना चारही तिकिटं उलटी करून मागची बाजू उजेडात बघा, आणि विक्रेत्याला वाईट वाटेल म्हणून लाजू नका, तो लाजत नाही. घरी ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत पारदर्शक कागदाच्या, पाकिटात ठेवा, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी टाका, आणि दोन तिकिटं गोंदाला गोंद लावून कधीच ठेवू नका.

आणि त्याच विक्रेत्याकडे १९४३ चं तीन पेनीचं शेवाळवालं दिसलं तर तेही मागून घ्या. त्यावरचा आकडा भिंगाखाली नीट बघा. तीन पेनीच्या दोन्ही बाजूंच्या वेलबुट्टीत ब्लॅम्पिडनी इंग्लंडच्या राजाची ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरं लपवली आहेत, आणि जर्मनांच्या नजरेखालून ती सरळ छापून गेली. माझ्याकडे ते अजून नाही. कोणाकडे जास्तीचं असेल तर अदलाबदलीला माझ्याकडे पोर्तुगालच्या बोटी भरपूर आहेत.